ज्या वर्षी मी 'पानी' म्हणायला शिकले

आठवीत असताना मी वर्गातल्या एका मुलीचं 'पानी' असं नाव पाडलं.

त्या दिवशी मराठीच्या बाई रजेवर होत्या. बदली आलेल्या सरांनी आम्हाला एकेक करून धडा वाचायला लावला होता. ती मुलगी वसईच्या पाचूबंदरची, कोळ्यांच्या घरातली. वाचताना तिच्या तोंडून 'पाणी'चं 'पानी' व्हायचं, 'कोण'चं 'कोन' व्हायचं. मी विरारजवळ बोळिंजला राहायचे. आईवडील साताऱ्याकडचे. आई वसईच्या कोर्टात लिपिक होती, म्हणून तिने मला वसईतल्याच शाळेत घातलं होतं आणि रोज सकाळी आम्ही दोघी एकाच बसने यायचो. वक्तृत्व स्पर्धेतून मी दर वर्षी ढाल घेऊन यायचे. माझं मराठी फार शुद्ध आहे असं शिक्षक म्हणायचे, नातेवाईक म्हणायचे, आणि मलाही ते पटलेलं होतं. ती 'विहिरीचं पानी' असं वाचत असताना मी मागच्या बाकावरून म्हणाले, "पानी? नळाचं की बोरिंगचं?"

वर्ग हसला. सरही हसले, मग त्यांनी "शांत बसा" म्हटलं. तिने पुढचं वाक्य वाचलं, पण इतकं हळू की कुणालाच ऐकू आलं नाही. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव 'पानी' झालेलं होतं. "ए पानी, वही दे." "पानी आली, बादल्या भरा रे." मी स्वतः हे नाव दोन-तीनदाच वापरलं असेल. मला तेवढी गरजच पडली नाही, ते आपलं आपण चालायला लागलं होतं. वर्षभर तिने वर्गात मोठ्याने एक वाक्य उच्चारलं नाही. बाईंनी काही विचारलं की ती उभी राहायची, मान खाली घालायची आणि बसायची. उत्तर वहीत लिहिलेलं असायचं, आणि बरोबर असायचं.

नववीत दिवाळीच्या सुट्टीनंतर शेजारच्या तुकडीतला एक मुलगा शाळेत आलाच नाही. तो अंगाने जाड होता आणि त्याच्या डब्यावरून रोज काही ना काही चालायचं. सगळ्यांना वाटलं आजारी असेल. मग कळलं की त्याच्या वडिलांनी त्याचा दाखला नेला. आमच्या मराठीच्या बाईंना ते फार लागलं. बाई जवळच्याच गावातल्या, ख्रिस्ती घरातल्या. घराभोवती केळीची वाडी, रविवारी न चुकता चर्चमध्ये मिसा, आणि घरात त्यांची अशी बोली की ती ऐकून माझ्यासारख्या मुलीला एक अक्षर कळलं नसतं. वर्गात मात्र त्या छापल्यासारखं मराठी बोलायच्या. दाखल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही एकमेकांशी काय करता ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. आपण त्याचं नाटक करू या आणि दाखवू या. आधी आपल्या शाळेत, मग दुसऱ्यांच्या."

सहाजण हवे होते. मी अर्थातच पहिला हात वर केला. मुख्य भूमिका माझीच असणार यात मला काही शंका नव्हती. बाकी तीनजण पटापट मिळाले. एक मुलगा होता, उंच, कायम गमत्या, सगळ्या शिक्षकांच्या नकला करणारा. तो पाचवा. मग बाईंनी विचारलं, "डफ कोण वाजवेल?" आणि कोपऱ्यातून तिचा हात वर आला. 'पानी'चा. तिचे काका लग्नातल्या हळदीच्या बँडमध्ये ताशा वाजवायचे, तिला लहानपणापासून सवय होती, हे आम्हाला नंतर कळलं.

शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात तालीम व्हायची. खिडकीतून बाजारातल्या रिक्षांचे हॉर्न आणि समोरच्या बेकरीतल्या ताज्या पावाचा वास यायचा. साडेचारनंतर भूक अशी लागायची की संवाद विसरायला व्हायचं. आता कुठेही बेकरीसमोरून गेले की मला सगळ्यात आधी तो वर्ग आठवतो. पाणी सांडून रंगाचे डाग पडलेल्या फरशा, भिंतीला टेकवलेले बाक, आणि मधोमध खुर्ची टाकून बसलेल्या बाई, पायातल्या चपला काढून.

बाईंनी संहिता लिहिली नाही. "मी लिहिलं तर ते माझं होईल. तुम्ही बोला, मी ऐकते," म्हणाल्या. एका मुलीला तिच्या बोलण्यावरून चिडवतात, असा प्रसंग त्यांनीच सुचवला. आम्ही कुणीच एकमेकांकडे पाहिलं नाही. मग त्यांनी भूमिका वाटल्या. चिडवली जाणारी मुलगी मी. आणि चिडवणारी ती.

"बाई, ती डफ वाजवणार होती ना?" मी विचारलं.

"तेही वाजवेल. दोन हात आहेत तिला."

ती उठली. डफ बाकावर ठेवला. मला वाटलं होतं की ती नेहमीसारखी मान खाली घालेल. पण ती मागच्या बाकावर जाऊन बसली, एक पाय दुसऱ्यावर टाकला, वेणी पुढे घेतली, तिचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, हनुवटी किंचित उचलली, आणि समोर न बघता, जणू सहज, म्हणाली, "पानी? नळाचं की बोरिंगचं?" मग तोंडावर हात ठेवून हसली. दोन छोटी हसणी, मधे एक श्वास.

ते माझं हसणं होतं. वेणी माझी होती. पाय टाकून बसणं माझं होतं. मी कशी दिसते हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या नकल्या मुलाला सगळ्यात आधी हसू फुटायला हवं होतं, पण तोही खाली फरशीकडे बघत राहिला. माझे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं की लाजेचं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

बाई एवढंच म्हणाल्या, "हं. आता तुझं वाक्य."

माझं वाक्य धडा वाचण्याचं होतं. मी वाचलं. 'पानी' असं काही लांबवून, नाकातून, मान हलवून म्हटलं की दोघेजण हसले. सूड घेतल्यासारखं. डफावर थाप पडली आणि थांबली.

"असं कोनी बोलत नाय," ती म्हणाली.

वर्षभरानंतर तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकत होते. जाडसर, खणखणीत आवाज होता.

"मग शिकव तिला," बाई म्हणाल्या.

रविवारी मी पाचूबंदरला गेले. वसईला रोज येत असूनही किल्ल्याच्या पलीकडे मी कधी गेले नव्हते. ती बस थांब्यावर घ्यायला आली. वाटेत बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले होते, आणि मी नाकाला रुमाल लावायचा नाही असं मनाशी घोकत चालले होते. धक्क्यावर दोन होड्या नुकत्या लागल्या होत्या, लिलावाचा गलका चालू होता. एका बाईने मोठ्याने भाव पुकारला आणि सगळ्या वळून तिच्याकडे बघायला लागल्या. माझी मैत्रीण (तेव्हा ती मैत्रीण नव्हती, पण आता मला दुसरा शब्द लिहिवत नाही) म्हणाली, "ती माझी आय." वक्तृत्वाच्या कुठल्याच स्पर्धेत मी असा आवाज ऐकला नव्हता.

दुपारी तिच्या घरी, दारातच पाटावर बसून शिकवणी झाली. तिची आई सुपात सुकट निवडत होती. मी म्हणायचे, तिची आई ऐकायची आणि हसून मान हलवायची. "नाय, पोरी. तू 'न' वर जोर देते. आमी जोर देत नाय. ते येते आपोआप." वीस-पंचवीस वेळा झाल्यावर ती म्हणाली, "आता बरोबर. आता बोलली तू मानसासारखी." मला इतका आनंद झाला की मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, पानी, कोन, आनि, पन.

मग तिने चहा पुढे केला आणि विचारलं, "माझ्या पोरीला वर्गात पानी-पानी करते ती कोन गं? वलखतेस तू?"

कप माझ्या हातात होता. मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता नाय करत कोनी. तू तिला चपाती दे, ती लांबून आली."

परतताना ती मला बस थांब्यापर्यंत सोडायला आली. शेवटी मीच म्हणाले, "ते नाव मी पाडलं होतं."

"माहीत हाय. मी पुढच्या बाकावर व्हते, बहिरी नव्हते."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

ती विचार करून म्हणाली, "सांगितलं असतं तर तुला चाय मिळाली नसती."

बस आली. मला खरं तर त्याच वेळी माफी मागायची होती. शब्द जिभेवर होता. पण मी हात हलवून बसमध्ये चढले. मोठमोठ्या व्यासपीठांवर अर्धा तास न अडखळता बोलणारी मी, आणि माझ्याकडून एक शब्द बोलायचा राहून गेला.

आमचा पहिला प्रयोग आमच्याच शाळेत, मैदानावर झाला आणि पार फसला. 'पानी' म्हटल्याबरोबर समोर बसलेली पाचवी-सहावीची पोरं हसायला लागली, चिडवणारीच्या बरोबरीने. मी घाबरून पुढचं वाक्य म्हणायला लागले, ते कुणाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्या प्रयोगात, वसईतल्याच एका शाळेत, पुन्हा तेच झालं. पण या वेळी मैत्रिणीने डफ थांबवला, आणि ती नुसती उभी राहिली. हसणाऱ्यांकडे बघत. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. मीही थांबले. हसणं चाललं, मग विरळ झालं, मग एकदोघेच हसत राहिले, आणि त्यांनाही एकदम आपलंच हसू ऐकू आलं असावं, कारण तेही थांबले. त्या शांततेत मी उरलेलं वाक्य म्हटलं. बाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. तिथपासून ते थांबणं आमच्या नाटकाचा भाग झालं.

त्या हिवाळ्यात आम्ही सात-आठ शाळा तरी केल्या असतील. कधी बसने, कधी कुणाच्या तरी काकांच्या टेम्पोत, मागे सहाजण आणि मधे डफ. एका शाळेत मुख्याध्यापक आधीच उठून म्हणाले, "कार्यक्रम छान आहे, पण आमच्या शाळेत असले प्रकार होत नाहीत बरं का." तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी खुसकन हसलं. मुख्याध्यापकांनी वळून पाहिलं. मग ते खाली बसले आणि प्रयोग संपेपर्यंत बसूनच राहिले, हे मी त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

नाटक झालं की बाई मुलांना म्हणायच्या, विचारा काय विचारायचं ते. बहुतेक प्रश्न 'तुम्ही पाठ कसं करता' असलेच असायचे. विरारच्या एका शाळेत मात्र पुढच्या रांगेतली, दोन वेण्या घातलेली एक चिमुकली उभी राहिली. तिने माझ्या मैत्रिणीला, म्हणजे नाटकातल्या चिडवणारीला विचारलं, "मग तू तिची माफी मागितलीस का?"

आमच्या नाटकात तो प्रसंगच नव्हता. आम्ही तो चार वेळा करून पाहिला होता, दर वेळी खोटा वाटायचा, म्हणून बाईंनी काढून टाकला होता.

मैत्रीण म्हणाली, "अजून नाय. तिला जमत नाय." आणि माझ्याकडे बघून हसली.

मुलं हसली. मी हसले नाही. मी दोन पावलं पुढे गेले आणि म्हणाले, "माझं चुकलं. तुझं नाव मी पाडलं. मला माफ कर."

सभागृहात गोंधळ उडाला. कारण मुलांच्या दृष्टीने मी चिडवली गेलेली होते. मीच का माफी मागतेय हे कुणाला कळेना. "अगं, उलटं झालं!" एक मुलगा ओरडला. "तिने मागायची!" ती चिमुकली तर रागावलीच. शेवटी मैत्रिणीने डफ बगलेत धरला आणि समजावून सांगितलं, "हे बघा. नाटकात मी वाईट हाय. खरं ही वाईट व्हती. म्हंजे आता नाय." एवढं बोलून तिने मला पाठीत एक धपाटा घातला. तो चांगला लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कशाला ते त्यांना किती कळलं, कोण जाणे.

जानेवारीत आमच्या त्या नकल्या मुलाचे वडील गेले. कामावर गेले ते परत आलेच नाहीत, हृदयविकाराने. आम्ही पाचजण बाईंबरोबर त्याच्या घरी गेलो. तो पलंगाच्या कडेला बसला होता आणि आमच्यातल्या एकालाही एक शब्द सुचला नाही. दहा मिनिटं बसून आलो. बस थांब्यावर माझी मैत्रीण म्हणाली, "आपन नाटकवाले, आनि काय बोलता आलं नाय." बाई म्हणाल्या, "गेलात ना. पुरे झालं."

दहावीत जून-जुलैत बाईंनी दुसरं नाटक करायचं म्हटलं तेव्हा त्या मुलानेच वडील गेल्यानंतरच्या दिवसांचा विषय काढला. बाई नको म्हणत होत्या. तो म्हणाला, "बाई, मी मुलाचं काम करत नाही. मी नातेवाईक करतो. सगळे."

आणि त्याने सगळे केले. "आता तूच घरातला कर्ता पुरुष हो" म्हणणारे काका. "रडू नको, आईला त्रास होईल" म्हणणारी मावशी. "देवाला चांगली माणसं आवडतात" म्हणणारे शेजारी. अभ्यास कसा चाललाय, हे तेराव्यालाच विचारणारे कुणीतरी सर. खांदे पाडून, चष्मा सावरून, गळा साफ करून तो एकेक माणूस उभा करायचा. चित्रकलेच्या वर्गात पहिल्यांदा त्याने ते केलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो, आणि हसता हसता माझी मैत्रीण रडायला लागली, मग मी, मग सगळेच. तो मधे उभा. "अरे, चांगलं झालं का वाईट, सांगा ना," म्हणाला. मुलाचं काम माझ्या मैत्रिणीने केलं. ती नुसती बसायची. एक शब्द बोलायची नाही. गप्प बसणं तिला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं, आणि ते तिला कुणामुळे आलं होतं हे मला माहीत होतं.

ते नाटक तीनदाच झालं. दहावीच्या शिकवण्या होत्या, पालक कुरकुरायला लागले होते.

आता या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली. तो मुलगा पुण्याला एका कंपनीत आहे, फोनवर अजून सगळ्यांचे आवाज काढतो. मी शाळेत शिकवते, मराठीच. मैत्रीण एका बँकेत काउंटरवर बसते. धक्क्यावरच्या म्हाताऱ्या बायका रांग सोडून तिच्याच खिडकीपुढे उभ्या राहतात, कारण ती त्यांच्यासारखं बोलते. बाई निवृत्त झाल्या. गुडघे दुखतात, वाडीत फार फिरवत नाही, पण कुणी भेटायला गेलं की तासभर सोडत नाहीत. आमची ती शाळा दुरुस्त होऊन तिला नवा रंग लागला, आणि चित्रकलेच्या वर्गात आता संगणक आहेत.

त्या दिवसांतलं मला सारखं आठवतं ते दुसऱ्या नाटकाच्या शेवटच्या प्रयोगानंतरचं. मिठागरांच्या जवळच्या एका लहान शाळेत प्रयोग होता. संपल्यावर मुलं पांगली आणि आम्ही सामान आवरत होतो, तेव्हा सहावीतली असेल अशी एक मुलगी आमच्या नकल्या मुलाजवळ येऊन उभी राहिली. तिने त्याच्या बाहीचं टोक धरलं आणि उभीच राहिली. तो आधी गडबडला. बोलायला म्हणून त्याने तोंड उघडलं, पण या वेळी त्याने कुणाचाच आवाज काढला नाही. नुसता तिच्याजवळ पायरीवर बसला. तीही बसली. मग माझी मैत्रीण जाऊन बसली, मग आम्ही बाकीचे. एकाच पायरीवर मावत नव्हतो, म्हणून काहीजण खालच्या पायरीवर बसलो. बाई आमच्या बसची वेळ बघायला घड्याळाचा हात वर करत होत्या, त्यांनी हात खाली घेतला. समोर मिठाचे पांढरे ढीग उन्हात चमकत होते. बस रस्त्यावरून आली, थांबली आणि निघून गेली. कुणीच उठलं नाही. पुढची बस पाऊण तासाने होती.